आईला डेंग्यू सतरा दिवसांनी का झाला? डेंग्यूच्या प्रसाराविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका उपनगरातील सात मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, आपल्या शेजारच्या एका कुटुंबातील बारा वर्षांच्या मुलाला ताप आला आणि तपासणीत डेंग्यू निघाला. तो बरा होऊन शाळेत जाऊ लागल्यावर, त्याच्या तापाच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर बरोबर सतराव्या दिवशी, त्याच्या आईला ताप भरला आणि तिलाही डेंग्यूच निघाला. आज तिच्या तापाचा दुसरा दिवस आहे. इमारतीजवळ उघडे गटार नाही, संध्याकाळ झाली की सगळे दारे-खिडक्या लावून घेतात, सोसायटीने दोन वेळा धूरफवारणीही करून घेतली. मग हा आजार आला कुठून, मुलाची सुश्रूषा करताना तो आईला लागला का, आणि शेजाऱ्यांनी त्या घरी जाणे टाळावे का, असे आपण विचारले आहे. कीटकजन्य आजारांच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली, आणि अशा प्रश्नांत लोक सहसा सगळे सांगतात, पण दिवस सांगत नाहीत. आपण ते मोजून लिहिलेत, याबद्दल मी आपला खरोखर आभारी आहे. कारण बहुतेक उत्तर त्या सतरा दिवसांतच दडलेले आहे.

आधी मनातली भीती काढून टाकू. डेंग्यू स्पर्शाने होत नाही. शिंकेतून, खोकल्यातून, एका ताटात जेवल्याने, रुग्णाचे कपडे धुतल्याने, रात्रभर उशाशी बसून कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्याने तो होत नाही. आईने मुलाची सेवा केली म्हणून तिला डेंग्यू झाला, असे त्या घरात कोणी बोलत असेल तर कृपया त्यांना थांबवा. डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या रक्तात असतो, आणि त्या रक्तातून दुसऱ्या माणसाच्या शरीरात जाण्यासाठी त्याला जवळजवळ नेहमीच एडिस जातीच्या डासाची मादी लागते. नर डास रक्त पीत नाही. मादीला अंडी घालण्यासाठी रक्त लागते, म्हणून चावते ती मादीच.

मात्र डास म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे, आणि इथेच बहुतेकांची समजूत चुकते. लोकांना वाटते, डास रुग्णाला चावला, उडून शेजारच्या माणसाला चावला आणि त्याला डेंग्यू झाला. तसे घडत नाही. रुग्णाच्या रक्ताबरोबर विषाणू मादीच्या पोटात जातो, तेथील आतड्याच्या पेशींत शिरतो, वाढतो, मग तिच्या शरीरभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो. डास चावताना आधी थोडी लाळ सोडतो, आणि विषाणू माणसाच्या शरीरात जातो तो त्या लाळेतून. आतड्यापासून लाळेपर्यंतच्या या प्रवासाला २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात साधारण आठ ते बारा दिवस लागतात. तोवर ती मादी चावली तरी डेंग्यू देऊ शकत नाही. एकदा का विषाणू लाळेत उतरला की मग मरेपर्यंत तिचा प्रत्येक दंश धोक्याचा ठरू शकतो. हवा जितकी उबदार तितका हा प्रवास लवकर पुरा होतो आणि थंडीत तो रेंगाळतो. हिवाळ्यात आपल्याकडे डेंग्यू ओसरतो त्यामागे पाऊस थांबण्याइतकेच हेही कारण आहे.

आता आपले सतरा दिवस मोजू. मुलाला ताप आला तो पहिला दिवस धरा. तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. तेव्हा पहिल्या-दुसऱ्या दिवशी घरातली एखादी मादी त्याला चावली असणार. पुढचे आठ-नऊ दिवस विषाणू तिच्या शरीरात वाढत राहिला. म्हणजे दहाव्या-अकराव्या दिवशी, मुलगा बरा होऊन घरचे निर्धास्त झाले होते तेव्हा, ती मादी पहिल्यांदा धोकादायक झाली. त्या सुमारास ती आईला चावली. माणसाच्या शरीरात विषाणू शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा चार ते दहा दिवस जातात, त्यातही पाच ते सात दिवस हा नेहमीचा अनुभव. अकरा आणि सहा मिळून सतरा. याचा अर्थ असा की हा डेंग्यू घराबाहेरून दोनदा आलेला नाही. तो बाहेरून एकदा आला आणि दुसऱ्यांदा त्या घरातल्याच, निदान त्या इमारतीतल्या, डासाने दिला. असे मी शंभर टक्के खात्रीने म्हणू शकत नाही, कारण त्याच दिवसांत आईला बाहेरही डास चावला असू शकतो. पण घरी येऊन तपासणी करायची झाली तर मी हेच गृहीत धरून सुरुवात करीन.

हे दिवस मोजण्याचे शास्त्र फार जुने आहे आणि ते प्रथम डेंग्यूसाठी नव्हे, पीतज्वरासाठी (यलो फिव्हरसाठी) वापरले गेले. पीतज्वरही शहरांत डेंग्यूचा मुख्य वाहक असलेला हाच एडिस इजिप्ती डास पसरवतो. क्युबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच सांगितले होते की पीतज्वर डासामुळे पसरतो, पण प्रयोगांत ते त्यांना ठामपणे दाखवता आले नाही, कारण रुग्णाला चावलेले डास ते फार लवकर निरोगी माणसाला चाववत असत. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या ऑरवुड आणि टेलर या छोट्या गावांत अमेरिकी डॉक्टर हेन्री कार्टर यांनी घरोघरी जाऊन कोण केव्हा आजारी पडले, कोण कोणाच्या घरी केव्हा गेले, याच्या तारखा लिहून काढल्या. घरात पहिला रुग्ण आणि त्यानंतरचे रुग्ण यांच्यामध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर पडते, असे त्यांना आढळले. रुग्ण ताजा असताना भेटून गेलेले पाहुणे सुखरूप राहत, आणि रुग्ण बरा झाल्यावर किंवा दगावल्यावर त्या घरात आलेले लोक आजारी पडत. या निरीक्षणामुळेच १९०० मध्ये क्युबातील हवानात अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पीतज्वर संशोधन मंडळाला डासांना पुरेसे दिवस थांबवून प्रयोग करण्याची दिशा मिळाली. डेंग्यूच्या बाबतीत एडिस इजिप्तीवर बोट ठेवले ते ऑस्ट्रेलियात डॉक्टर थॉमस बँक्रॉफ्ट यांनी, १९०६ मध्ये. आपण आज एका कुटुंबातल्या दोन तापांमधले दिवस मोजलेत, तेव्हा कार्टर यांनी केले तेच काम केलेत.

याच्या उलट, एका घरातले दोघे-तिघे एक-दोन दिवसांच्या अंतराने आजारी पडले, तर त्यांनी ते एकमेकांकडून घेतलेले नसते. आधीच विषाणूवाहक झालेल्या एकाच मादीने त्यांना एकाच दिवशी डंख मारलेला असतो. एडिसच्या या सवयीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ती दिवसा चावते, आणि दिवसा माणूस जागा असतो, पाय हलवतो, हात झटकतो. तिचे पोट एका माणसाच्या रक्ताने भरत नाही, म्हणून ती उठून दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे. एक मादी घरातल्या चौघांना एका सकाळीत चावू शकते. अशा घरात शोध घ्यायचा तो आधीच्या दहा दिवसांत सगळे एकत्र कुठे होते याचा, आणि अर्थात स्वतःच्या घराचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढे लांबवतो आहे, तिच्याकडे येतो. रुग्णाच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो तो ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत, काहींच्या बाबतीत ताप उतरल्यावर आणखी एक-दोन दिवस. आपल्याकडे मात्र घडते उलटे. पहिल्या तीन-चार दिवसांत माणूस पॅरासिटामॉल घेऊन कामावर जातो, मुलगा शाळेत जातो, आई तापातच स्वयंपाक करते. घरात कोणालाही मच्छरदाणी आठवत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो, रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्याचा अहवाल येतो, घर घाबरते, रुग्णाला दाखल केले जाते आणि तेव्हा कुठे पलंगावर मच्छरदाणी चढते. रुग्णाच्या स्वतःच्या प्रकृतीसाठी ते दिवस खरोखर नाजूक असतात, त्यात हयगय करूच नये. पण डासांना विषाणू पुरवण्याचे दिवस तोवर बहुतेक सरलेले असतात. दवाखान्यात डेंग्यूच्या रुग्णाला मच्छरदाणीत ठेवतात ते मुख्यतः इतरांच्या रक्षणासाठी. लोकांना वाटते ते त्याच्या रक्षणासाठी. एनएस-१ नावाची तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, कारण त्या दिवसांत विषाणूचा एनएस-१ हा घटक रक्तात सापडतो. म्हणून माझा ठोकताळा सोपा आहे: ज्या दिवशी एनएस-१ चा अहवाल सकारात्मक आला, त्या दिवशी हा माणूस डासासाठी विषाणूचे भांडार आहे असे समजावे आणि अहवाल हातात घेऊनच मच्छरदाणी बांधावी. आपल्या शेजारच्या आईंच्या तापाचा आज दुसरा दिवस आहे. म्हणजे हे उत्तर आपण वाचाल तेव्हा ती वेळ चालू असेल. त्यांनी दिवसाही मच्छरदाणीत झोपावे, उठून वावरताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घालावेत आणि उघड्या त्वचेला डास दूर ठेवणारे मलम लावावे.

मुलाला मुळात कोणापासून झाला, हे बहुधा कधीच कळणार नाही, आणि त्याचा फार शोध घेऊही नये. डेंग्यूचा संसर्ग झालेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तिघांना काहीच होत नाही किंवा अंग दुखण्यापलीकडे फारसे काही जाणवत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अंदाजात वर्षाला ३९ कोटी संसर्ग आणि त्यांपैकी सुमारे ९ कोटी ६० लाख दिसून येणारे आजार, असे आकडे दिले होते. ज्यांना काही जाणवले नाही अशांच्या रक्तातूनही डासांना विषाणू मिळतो. त्यामुळे ‘तुमच्या घरून आमच्या घरी आला’ असे म्हणण्यात काही तथ्य नसते, आणि शेजाऱ्यांनी त्या घराशी येणे-जाणे तोडल्याने कोणाचेच रक्षण होत नाही. मीठ मागायला गेलेल्या शेजारणीला धोका असतो तो त्या घरातल्या डासाचा, आणि तो डास तिच्याही घरी पलंगाखाली बसलेला असू शकतो.

हा डास ओळखायला शिकायला हवे. तो काळा, नेहमीच्या डासाहून थोडा लहान, पायांवर पांढरे पट्टे असलेला असतो. पाठीवर बारीक पांढऱ्या रेघांची वीणेसारखी आकृती असते, पण ती पाहायला भिंग लागते. पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर तो त्याचा भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस. तो घरापेक्षा बागेत, मळ्यात, झाडाझुडपांत रमतो. एडिस इजिप्तीला मात्र माणसाचे घरच आवडते. पडद्यामागे, खुंटीला टांगलेल्या शर्ट-पॅन्टमध्ये, पलंगाखाली, टेबलाच्या खालच्या बाजूला, बुटांच्या कपाटात तो बसून राहतो, गुणगुण फारशी करत नाही, आणि पाठीमागून येऊन घोट्याला, पोटरीला चावतो. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास हे त्याचे भरात येण्याचे वेळापत्रक. दिव्याच्या उजेडात तो रात्रीही चावतो. आपण संध्याकाळी सहाला खिडक्या लावता ते क्यूलेक्स या रात्री चावणाऱ्या डासासाठी ठीक आहे. एडिस त्याआधीच आत आलेला असतो, किंबहुना बहुतेक वेळा तो आतच जन्मलेला असतो. शाळेत बाकाखाली मुलांचे उघडे पाय त्याला आयते मिळतात. पावसाळ्याचे चार महिने गणवेशात पूर्ण लांबीची विजार चालू द्यावी, असे मी शाळांना वर्षानुवर्षे विनवत आलो आहे.

गटार नसताना डास कुठून आले, हा आपला प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण गटारातला डास हा क्यूलेक्स. तो हत्तीरोग पसरवतो, डेंग्यू नाही. एडिसला स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ, साठलेले, सावलीतले पाणी लागते. अशाच एका टापटिपीच्या घरी आम्ही तपासणीला गेलो होतो. घरातल्या बाईंनी आम्हाला अभिमानाने सगळे दाखवले, आणि त्यांच्या घरात खरोखरच कुठे कचऱ्याचा कण नव्हता. शेवटी फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला. मागे तळाशी, कॉम्प्रेसरच्या वर, फ्रिजमधले वितळलेले पाणी गोळा होण्यासाठी एक उथळ ट्रे असतो. टॉर्चचा उजेड पडताच त्या बोटभर पाण्यात हालचाल झाली: आडव्या-तिडव्या लटकलेल्या अळ्या झटक्यासरशी तळाला गेल्या. ट्रेमधले पाणी पांढऱ्या वाडग्यात ओतले तेव्हा त्यात वीस-पंचवीस अळ्या वळवळत होत्या आणि स्वल्पविरामाच्या आकाराचे चार-पाच कोष वर तरंगत होते. कोष दिसला म्हणजे दोन दिवसांत डास. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांचा दोष नव्हता. तिथे ट्रे असतो हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आपल्या शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा तोच ट्रे पाहावा. त्यानंतर मनी प्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा, बाल्कनीत पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, न वापरलेल्या संडासाचे फ्लश, गच्चीवरच्या टाकीचे निसटलेले झाकण, गच्चीत घडी घालून टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्या, आणि इमारतीला लिफ्ट असेल तर तिचा तळखड्डा. चौथा मजला उंच आहे म्हणून निश्चिंत राहू नये. डास लिफ्टमधून आणि जिन्यावरूनही वर जातात, आणि कुंडी चौथ्या मजल्यावर असेल तर त्यांना वर जाण्याचीही गरज नसते.

अंड्यांविषयी दोन शब्द जास्त लिहितो. एडिसची मादी पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती एकेक चिकटवते. अंडी काळी, वाटलेल्या मिरीच्या कणांएवढी असतात. सगळी अंडी ती एका जागी घालत नाही, थोडी या भांड्यात, थोडी त्या भांड्यात अशी विभागून ठेवते. त्यामुळे चार भांडी रिकामी करून पाचवे राहिले तरी वंश चालू राहतो. पाणी आटले तरी अंडी मरत नाहीत. कोरड्या भिंतीवर ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. उन्हाळाभर अंगणात पालथा न घालता ठेवलेला एक कोरडा रांजण मी एका गावात मुद्दाम भरायला लावला होता. पाणी विहिरीचे, माझ्यासमोर फडक्यातून गाळून घेतलेले. दुसऱ्या दिवशी त्यात केसाएवढ्या अळ्या होत्या. गावकरी म्हणाले, आकाशातून पडल्या. म्हणून ‘कोरडा दिवस’, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळताना पाणी ओतून देणे पुरत नाही. भांड्याची आतली बाजू काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासली पाहिजे, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ, आणि मग भांडे उन्हात सुकवले पाहिजे. आठवड्यातून एकदाच का, याचेही कारण आहे: आपल्या पावसाळ्यातल्या तापमानात अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. सातव्या दिवशी घासले तर पिढी पुरी होत नाही. दोन आठवड्यांनी घासले तर झालेला डास उडून गेलेला असतो.

हे सांगणे सोपे आहे, पाळणे सर्वांना सारखे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. मराठवाड्यातील अनेक शहरांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते. तिथल्या बाईला ‘भरलेले पाणी ओतून द्या’ असे सांगणे मला कधी जमले नाही. तिच्या घरी रांजण, बॅरल, सिमेंटची टाकी, हंडे, सगळे काठोकाठ भरलेले असते, आणि म्हणूनच दुष्काळी भागात पाऊस नसतानाही डेंग्यूची साथ येते. तिथे उपाय वेगळे: बॅरलच्या तोंडाला जुन्या धोतराचे किंवा साडीचे दुहेरी कापड घट्ट बांधणे, वापराच्या पाण्याच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे, आरोग्य कर्मचारी ठरलेल्या प्रमाणात अ‍ॅबेट म्हणजे टेमीफॉस हे अळ्या मारणारे औषध टाकायला येतात तेव्हा त्यांना दारातून परत न पाठवणे, आणि नवे पाणी भरण्याआधी प्रत्येक भांडे एकदा घासून घेणे. पाणी नियमित मिळू लागेल त्या दिवशी तिथला निम्मा डेंग्यू जाईल, असे माझे प्रामाणिक मत आहे. कोकणात आणि गोव्यात चित्र पुन्हा बदलते. तिथे परसात पडलेल्या नारळाच्या करवंट्या, बांबूच्या कापलेल्या बुंध्यांची नळकांडी, झाडांच्या ढोल्या यांत अल्बोपिक्टस वाढतो. केरळात रबराचा चीक गोळा करायला झाडाला बांधलेल्या वाट्यांतही तोच सापडतो. घर आरशासारखे आणि परसात डास, असे तिथे होऊ शकते.

धूरफवारणीविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. धुरातले औषधाचे थेंब उडणाऱ्या डासाला लागले तर तो मरतो. रस्त्यावरून गेलेला धूर चौथ्या मजल्यावरच्या कपाटामागे बसलेल्या एडिसपर्यंत पोहोचत नाही, आणि धूर पाहून आपण खिडक्या लावून घेतो तेव्हा तर मुळीच नाही. अंडी, अळ्या, कोष यांना त्याने काही होत नाही. म्हणजे आज मारलेल्या डासांची जागा चार दिवसांत भरून निघते. साथीच्या काळात, रुग्ण असलेल्या घराच्या आत आणि आसपासच्या घरांत योग्य वेळी केलेल्या फवारणीला अर्थ आहे, कारण तिने नेमक्या म्हाताऱ्या, विषाणू बाळगणाऱ्या माद्या मरू शकतात. एडिसची मादी साधारण दोन ते चार आठवडे जगते आणि विषाणू लाळेत यायलाच दीड आठवडा जातो. म्हणजे डेंग्यू देण्याइतके दीर्घायुष्य थोड्याच माद्यांना मिळते. त्या थोड्या मेल्या तर साखळी तुटते. परंतु सोसायटीच्या आवारातून दोनदा धूर सोडून अळ्यांची शोधाशोध सोडून देणे, हे मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत महागडी चूक आहे.

एडिस फार उडत नाही. जन्मलेल्या घराच्या आसपास, बहुधा शंभर मीटरच्या आत, त्याचे आयुष्य संपते. मग डेंग्यू एका उपनगरातून दुसऱ्यात, एका गावातून दुसऱ्या गावात जातो तो कसा? माणसाच्या पायांनी. पेरू देशातील इक्विटोस शहरात रुग्णांनी कोणत्या घरांना भेटी दिल्या होत्या हे नोंदवून अभ्यास झाला, तेव्हा नातेवाईक-मित्रांच्या घरी जाणे-येणे हाच प्रसाराचा मोठा मार्ग असल्याचे दिसले. आपल्याकडे गणपतीत सगळे एकमेकांकडे जातात आणि तो नेमका ऑगस्ट-सप्टेंबरचा, साथीच्या चढत्या काळाचा हंगाम असतो. ताप अंगात असलेला पाहुणा विषाणू घेऊन येतो, यजमानाच्या घरचा डास तो घेतो, आणि पाहुणा परत गेल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी यजमानाकडे ताप येतो. तोवर पाहुण्याची आठवणही राहिलेली नसते. अंडी मात्र डासाहून दूर जातात. अल्बोपिक्टस आशियातून अमेरिकेत पोहोचला तो जुन्या टायरांच्या व्यापारातून, आणि १९८५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टनमध्ये त्याची वस्ती झाल्याचे आढळले. पंक्चरच्या दुकानासमोरची टायरांची चळत म्हणूनच माझ्या डोळ्यांत सलते.

मुलगा बरा झाला, आता त्याला पुन्हा होणार नाही ना, असेही आपण लिहिले आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाचा संसर्ग झाला की त्या एकापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, बाकीच्या तिघांपासून ते काही महिनेच टिकते, आणि दुसऱ्या उपप्रकाराचा संसर्ग झाला तर आजार गंभीर होण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते. क्युबात १९७७ मध्ये पहिल्या उपप्रकाराची साथ आली आणि १९८१ मध्ये दुसऱ्या उपप्रकाराची. दुसऱ्या साथीत ३ लाख ४४ हजारांहून अधिक रुग्ण आणि १५८ मृत्यू झाले. तेव्हा एकदा होऊन गेला म्हणून मुलाला डासांपासून जपणे कमी करू नये. उलट त्याच्याबाबत जास्त सावध राहावे.

डासाशिवाय डेंग्यू पसरण्याचे मार्ग विरळा आहेत, पण आहेत. बाधित रक्त चढवल्याने तो झाल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि सिंगापूर येथे झाल्या. अवयव प्रत्यारोपणातून आणि रुग्णाचे रक्त लागलेली सुई टोचल्यानेही तो झाला आहे. म्हणून नुकताच ताप येऊन गेलेल्या माणसाने रक्तदान टाळावे आणि रक्तपेढीत आपला आजार सांगावा. प्रसूतीच्या सुमारास आईला डेंग्यूचा ताप असेल तर विषाणू बाळाला मिळू शकतो. अशा बाळाकडे पहिले दोन आठवडे बारकाईने लक्ष ठेवावे लागते आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना तापाची कल्पना आधीच द्यावी लागते. बाकी रोजच्या आयुष्यात विचार करायचा तो डासाचाच.

आता आपल्या इमारतीचे. आईंना ताप आल्याचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजच त्यांच्या घरातली प्रत्येक खोली, पडद्यांच्या घड्या आणि पलंगाखालचा भाग धरून, कीटकनाशकाच्या फवाऱ्याने किंवा निदान विजेच्या बॅटने डासमुक्त करा. मुलाच्या तापात चावलेल्या आणि अजून जिवंत असलेल्या माद्या तिथेच असण्याची शक्यता आहे. येत्या रविवारी सर्व मजल्यांवरच्या दोन-दोन माणसांनी मिळून प्रत्येक घर पाहावे, दुसऱ्याचे घर पाहताना संकोच होतो म्हणून आपापले नव्हे तर एकमेकांचे, आणि त्यापुढचे चार रविवार तेच करावे. आईंच्या तापाच्या चौदाव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंतच्या चौकटींना कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवसांत इमारतीत कोणालाही ताप आला, मग तो साधा वाटला तरी, त्याच दिवशी मच्छरदाणी बांधा आणि पाच दिवस उलटण्याच्या आत एनएस-१ ची तपासणी करून घ्या. त्या खुणेच्या चौकटी तापाविना सरल्या, तर मुलापासून सुरू झालेली साखळी आपल्या इमारतीत तुटली असे धरून चालायला हरकत नाही. आणि मधेच एखादा ताप आला तर मला त्याची तारीख कळवा, पुढचे दिवस पुन्हा मोजू.